ज्वारीच्या आडोशाला वाढवलेलं कुरण

वाटणीत चुलत दिरानं विहिरीजवळची काळी जमीन घेतली आणि लोहा गावाकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचा मुरमाड माळ आमच्या गळ्यात मारला. नवरा गप्प बसला. मी बसले नाही. माळावर झाडं आणि गवत लावून कुरण करायचं ठरवलं. पावसाळ्यात सुबाभळीची रोपं लावली, मधे पवना गवताचे ठोंब खोचले. जेमतेम फुटवे आले आणि दिरानं आपल्या म्हशी आत सोडल्या. एका सकाळीत सगळं साफ. मी गावातली चार जाणती माणसं बोलावून दाखवलं. ती म्हणाली, गवतच तर खाल्लंय, पीक थोडंच खाल्लंय. त्यांच्या मागं उभा राहून दीर हसत होता. ते हसणं मी गिळलं, पण पचवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रोपं लावली, पुन्हा ठोंब लावले. या खेपेला ओळींच्या मधल्या पट्ट्यांत ज्वारी पेरली. उभ्या ज्वारीत जनावर सोडायची छाती आमच्या गावात कुणाची नाही, सगळा गाव अंगावर येतो. दिराच्या म्हशी बांधाशी आल्या की तो स्वतःच काठी घेऊन त्यांना हाकलायचा. मी खुरपता खुरपता बघायची. मनात म्हणायची, राख, माझं कुरण तूच राख.

ज्वारीनं घरची भाकरीही भागवली. झाडं डोक्यावर गेली, गवत कमरेला लागलं, तेव्हा मी पेरणी थांबवली आणि काट्याचं कुंपण घातलं.

मग एक वर्ष पावसानं दगा दिला. उन्हाळ्यात कडबा कुठंच मिळेना. जो दारात आला त्याला मी गवत दिलं. सगळ्यात शेवटी दीर आला.

"वैनी, चार पेंढ्या द्या. म्हशी उपाशी हायत."

"गवत हाय," मी म्हणाले. "सगळ्या गावासाठी हाय. तुमच्यासाठी न्हाई."

नवऱ्यानं घरात समजावलं की भावकी आहे, मुक्या जनावरांचा काय दोष. त्यांचा दोष नाहीच, मी म्हणाले. आठवड्याभरात दिरानं म्हशी बाजारात नेल्या. मी माझ्या भावाला पाठवलं होतं. त्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस त्यानं घेतली आणि माझ्या दावणीला आणून बांधली.

बाई लई कठोर हाय, असं गाव म्हणतं. म्हणू दे. दीर रोज आमच्या दारावरून शेतात जातो, आणि मी मुद्दाम त्याच वेळेला अंगणात धार काढायला बसते.