अण्णांच्या दातातली खाच

माझे वडील जाफराबादला शिंपीकाम करायचे. एका कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांचं पायमशीन होतं आणि शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथंच जाऊन बसायचे. काज झालं, बटण लावून झालं की अण्णा दोरा तोंडाशी न्यायचे. टक् असा आवाज यायचा आणि दोरा तुटायचा. कात्री मांडीशेजारीच असायची, पण ती कापडासाठी. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एक हात कापडावर, एक सुईवर. कात्रीला तिसरा हात कुठून आणू, बाई?" आणि हसले. हसले की समोरच्या वरच्या दाताला पडलेली खाच दिसायची, दोरा नेमका बसेल एवढी. शेजारचा दातही झिजून आखूड झालेला होता. सगळ्यांच्याच वडिलांच्या दातांना अशी खाच असते, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

अण्णा हसायचेही फार. माप घेताना गिऱ्हाइकाची चेष्टा केल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. एखाद्या पोट सुटलेल्या माणसाला म्हणायचे, "मालक, टेप सरली की राव. थांबा, दुसरी जोडतो." तो माणूसही हसायचा आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा त्यांच्याचकडे यायचा.

मी शिकले, औरंगाबादला दातांची डॉक्टर व्हायला गेले. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी झिजलेल्या दातांचा धडा होता. सरांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. वरचा दात, मधोमध खाच. "हा शिंप्याचा दात. कुणी प्रत्यक्ष पाहिलाय का?" वर्गात कुणी हात वर केला नाही. मीही केला नाही. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं आणि मी वहीत मान घालून ते चित्र काढत बसले. चित्र मात्र फार सुरेख आलं. येणारच, सरांपेक्षा मला ते जास्त पाठ होतं.

जालन्यात दवाखाना काढला तेव्हा अण्णांनी फीत कापली. स्वतः शिवलेला पांढरा सदरा घालून आले होते, वाटेत राजूरला उतरून गणपतीचा प्रसाद घेऊन. फोटोग्राफरनं काय सांगितलं कोण जाणे, ते तोंड भरून हसले आणि नेमका तोच फोटो सगळ्यांत चांगला आला. मी तो दवाखान्यात लावला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई आणि बापाचे दात हे असे! आलेल्या पाहुण्यांत एक डॉक्टर होते, ते गमतीनं म्हणाले, "मॅडम, सुरुवात घरापासून करा." ते तिथंच विसरूनही गेले असतील. मला मात्र ते फार लागलं.

महिनाभरात मी अण्णांना बोलावून घेतलं. माझा स्वभाव आधीपासून असा, एकदा मनात घेतलं की समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. ते जीपनं आले, खुर्चीत बसले, पाय लांब करायला लाजले. मी केसपेपर काढला. त्यावर पहिला रकाना असतो तक्रारीचा. पेशंटला विचारायचं, तुम्हाला काय त्रास आहे, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. आम्हाला पहिल्या दिवसापासून हे शिकवलेलं. मी अण्णांना विचारलंच नाही. "समोरचे दात झिजले आहेत" असं लिहून मोकळी झाले. ती तक्रार माझी होती, हे कळायला मला पुढं काही वर्षं लागली.

काम मी जीव ओतून केलं, हे मात्र खरं. तेव्हा कॉम्पोझिट आमच्याकडं नवंच होतं. दाताच्याच रंगाचा मऊ लगदा, निळ्या दिव्याखाली धरला की दगडासारखा घट्ट होणारा. मी अण्णांच्या दाताशी रंगाची पट्टी लावून रंग निवडला. चहाचा, सुपारीचा पिवळेपणाही सोडला नाही. दाताला आम्ल लावून धुतलं, वाळवलं, एकेक पातळ थर देत खाच भरली, आखूड दात लांब केला, कडा घासून काचेसारख्या केल्या. कार्बनचा कागद चाववून खालचे-वरचे दात बराबर बसतात की नाही ते तपासलं. दोरा चाववून बघायचं काही मला सुचलं नाही.

अण्णांनी आरसा हातात घेतला. जीभ त्या जागेवरून दोनदा फिरवली.

"कसं वाटून राह्यलं?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडात गावचीच बोली यायची.

"बराबर हाय," ते म्हणाले. "तू केलंय म्हंजे बराबरच असंल."

मला वाटलं, त्यांना आनंद झाला.

दीड महिन्यानं ते पुन्हा आले. भरलेल्या दाताचा कोपरा उडाला होता. "भाकरीत खडा आल्ता," म्हणाले. खडा लागून उडालेला कोपरा आणि दोरा ओढून उडालेला कोपरा यांतला फरक मला कळतो. मी त्यांना खुर्चीतच झाडलं. "अण्णा, खोटं काहून बोलून राह्यले? दोरा तोडला न्हाई का? कात्री काय शोभेला ठिवली? इतकं मरमर करून मी बनवलं, त्याची काही किंमत हाय का न्हाई?" बाहेर दोन पेशंट बसलेले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. अण्णा तोंड उघडं ठेवून, हातात रुमाल धरून पडून होते. उडालेला कोपरा मी पुन्हा बसवला. जाताना म्हणाले, "न्हाई तोडणार आता. तुझी शपथ."

त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. मी जाफराबादला जायचे, दोन महिन्यांतून, कधी तीन महिन्यांतून. हळूहळू माझ्या लक्षात आलं की अण्णा गप्प झालेत. मी काही गमतीचं सांगितलं तर मान खाली घालायचे किंवा मिशीवर हात धरायचे. बोलायचेही ओठांतल्या ओठांत. माझ्यासमोर मशीनवरही बसत नसत, मी आले की झाकण घालून ठेवायचे. तयार कपड्यांची दुकानं झाली होती, काम कमी झालं होतं, मला वाटलं त्यानं खचले असतील. मग वाटलं, माझ्यावरच रागावलेत. मला बापाचा राग सहन होत नाही, म्हणून मीही ताठले. जाणं आणखी कमी केलं. आईला एकदा फोनवर विचारलं, "अण्णा माझ्याशी बोलत काहून न्हाईत?" तर ती म्हणाली, "वय झालं, बाई. अन् तू येतीस कवा, बसतीस कवा." मला तो टोमणा वाटला आणि मी फोन ठेवून दिला.

अशी चार वर्षं गेली. मग एका सकाळी त्यांना मशीनवरच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जालन्याला आणून मोठ्या इस्पितळात ठेवलं. अशा माणसाचं तोंड रोज स्वच्छ करावं लागतं, नाहीतर आत अन्न राहतं आणि ते फुप्फुसात उतरतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी नर्सच्या हातातली कापसाची पट्टी मी मागून घेतली आणि खाटेवर बसले.

अण्णांनी मला बघितलं आणि ओठ आवळून घेतले. नर्सला मात्र ते उघडू देत होते. मला वाटलं, इतका राग? या अवस्थेतसुद्धा? मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला संतापही आला. "आ करा, अण्णा," मी म्हणाले. त्यांनी मान फिरवली. मिटलेलं तोंड कसं उघडायचं ते आम्हाला येतं. मी गालाच्या आतून बोट घातलं आणि त्यांचा ओठ वर केला.

समोरच्या दाताला खाच होती.

कोपरा उडाल्यावर दिसते तशी ओबडधोबड नव्हती. मी भरलेल्या कॉम्पोझिटमधून, जुन्या खाचेच्या नेमक्या जागी, बारीक कानशीनं घासून काढलेली होती. काठ गुळगुळीत केलेले, दोरा अडकू नये म्हणून. एवढं सफाईचं काम मीही केलं नसतं. उरलेल्या भरणाला त्यांनी कुठं धक्का लावला नव्हता.

आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी म्हणले, सांगून टाका पोरीला. तर म्हणायचे, न्हाई, लई जीव लावून केलंय तिनं, तिला दिसू द्यायचं न्हाई. तू येणार म्हणलं का सकाळपासून तोंड मिटून बसायची सवय करायचे. हसू येईल म्हणून भ्यायचे तुला."

अण्णांचा डावा हात हळूहळू वर येत होता. त्यांनी चादरीचं टोक धरलं आणि तोंडावर ओढून घेतलं. मी चादर बाजूला केली, त्यांचा हात हातात धरला. "राहू द्या, अण्णा," मी म्हणाले. "दिसली मला. झकास जमली हाय. माझ्यापेक्षा चांगली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना हसू आलं असावं, कारण डावा गाल हलला, डोळ्याखाली सुरकुती पडली. पण ओठ त्यांनी उघडले नाहीत.