बटण सोड

फोन सकाळी नऊच्या सुमारास आला. कासीमभाईंचा मुलगा यासीन, इथे आखातातच, देऱ्याहून बोलत होता. "चाचा, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. मी 'इन्ना लिल्लाह' पुटपुटलो आणि माझा हात आपोआप डाव्या जबड्याकडे गेला. तिथे वरचा एक दात गेली पन्नास वर्षं खोटा आहे. खरा होता तो कासीमभाईंनी पाडला. आमची हलीमा स्वयंपाकघरात हमूर मासा साफ करत होती. मी दारात उभा राहून तिला सांगितलं, कासीमभाई गेले. तिने मान वर केली नाही. मेलेल्या माणसासाठी आपल्यात जे दोन शब्द म्हणायचे असतात तेही म्हटले नाहीत. खवलं उडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला जायचं असेल तर जा. माझ्या भावाला मारणाऱ्याच्या मय्यतीला मी येणार नाही." आणि मी, तिचा नवरा, मुलाची गाडी घेऊन मोहम्मद बिन झायद सिटीहून देऱ्याला एकटा गेलो. माती दिली. एकटाच परत आलो.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगत आलोय. साफ खोटं आहे. मी पन्नास वर्षं भांडं लपवलंय. आज ते काढतो.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या पुढची ती वर्षं. देऱ्यात तेव्हा खाडीच्या धक्क्याला लाकडी गलबतं एकमेकांना खेटून उभी असायची आणि मागे गोदामं, गोदामांच्या मागे खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या, बरस्ती म्हणायचो आम्ही. रॉकेल, रंग, कापूस, काडेपेट्या... सगळं एकाच गल्लीत. ठिणगी पडली की संपलं. मग धक्क्यावरच्या व्यापाऱ्यांनी मिळून एक जुना पंप आणला, जीपला जोडून ओढायचा, आणि आम्ही कोकणातली पंधरा-वीस पोरं त्याच्यावर कामाला लागलो. पगार नाही, काही नाही. दिवसभर पेढीत कारकुनी करायची आणि घंटा वाजली की पळायचं. त्यात मी होतो, माझा जिवलग दोस्त लतीफ होता. दोघं दापोली तालुक्यातल्या एकाच गावचे, देऱ्यात एकाच खोलीत राहायचो. हलीमा लतीफची धाकटी बहीण, तेव्हा गावी होती.

आणि आमचे उस्ताद कासीमभाई. पस्तिशीचा माणूस, हर्णैचा, बारा वर्षं बोटीवर वायरलेसच्या खोलीत काढलेली. लष्कराच्या भंगारातून तीन सेट त्यांनी शोधून आणले आणि स्वतः जोडले. एक मोठा, पेढीच्या गच्चीवर. दोन पाठीवर बांधायचे, असले जड की माणूस पुढे वाकायचा. प्रत्येकाला टेलिफोनसारखा काळा रिसीव्हर आणि त्याच्या पोटाला बटण. सेटना नावं त्यांनी गावाकडची दिली. गच्चीवरचा 'हर्णै', तिथे ते स्वतः. खाडीवर पंपापाशी 'जयगड'. आगीच्या तोंडाशी, पाण्याच्या होजबरोबर जाणारा 'दाभोळ'. दाभोळ म्हणजे मी.

नियम एकच होता आणि तो त्यांनी आमच्या डोक्यात हाताने भरला. बटण दाबलं की आपण बोलतो, सोडलं की दुसऱ्याचं ऐकतो. दाबून ठेवलं तर जगबुडी झाली तरी आपल्याला कळायचं नाही. सोपं आहे ना? कोणालाही जमेल. पण आम्ही मचव्यावर वाढलेली पोरं. माझा बाप मला पाचव्या वर्षापासून एकच शिकवत आला, वारा उठला की हातातला दोर सोडायचा नाही, कातडी सोलली तरी नाही. दोर सोडलेला माणूस आणि त्याच्यामुळे बुडालेली माणसं, यांच्या गोष्टी ऐकत आम्ही झोपायचो. त्यामुळे गडबड झाली की आमची मूठ आवळायची. लतीफची, सगळ्यांचीच. माझी सगळ्यात जास्त. सरावाच्या दुसऱ्याच दिवशी मी बटण दाबून बडबडत बसलो तेव्हा कासीमभाई गच्चीवरून खाली आले आणि कानाखाली अशी ठेवून दिली की मी वाळूत बसलो. "बटण सोड," म्हणाले. "तुजा बाप दर्यावर शिकवतो ते दर्यावर. हितं हात उघडायचा." नंतर स्वतःच पाणी आणून पाजलं. पण मारलं ते मारलं. कोणी गालातल्या गालात हसलं तर त्यालाही पडायची.

मारकुटा माणूस होता, सरळ सांगतो. मेल्यावर माणसाला संत करायची आपल्याकडे पद्धत आहे, मला ती आवडत नाही. एकदा धक्क्यावर एका गलबताने पेट घेतला. शेजारी दहा गलबतं बांधलेली. कासीमभाईंनी ठरवलं, पेटलेलं दोर तोडून खाडीत ढकलायचं, नाहीतर सगळी जातील. दोरावर कुऱ्हाड पडली आणि त्या गलबताचा नाखवा माल उचलायचा लोखंडी आकडा घेऊन धावला. आकडा कासीमभाईंच्या खांद्यात घुसला. त्यांनी त्याची दाढी धरून डोकं खुंटावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात माणूस निपचित पडला. मग माझ्या पाठीवरच्या सेटचा रिसीव्हर ओढून घेतला, खांद्यातून रक्त गळतंय, आणि शांत आवाजात म्हणाले, "जयगड, पाणी वाढव." बटण सोडलं. ऐकलं. पुन्हा दाबलं. त्या दिवशी नऊ गलबतं वाचली. एक होरपळलं. नाखवा महिनाभर डोक्याला फडकं बांधून हिंडत होता आणि दिसला की दोघं एकमेकांना शिव्या देत मिठी मारायचे.

आता ती दुपार.

जोहरची नमाज होऊन गेली होती. उन्हाने धक्क्यावरचे दगड तापलेले. रंगाच्या गोदामाला आग लागली. लतीफ पुढे नोझल धरून, मी त्याच्यामागे चार हात अंतरावर, होज काखेत आणि सेट पाठीवर. आम्ही दारातून आत शिरलो. पाणी जोरात होतं, आग मागे सरत होती. लतीफ खुशीत होता, त्याच्या पाठीवरून मला कळत होतं. आणि एकाएकी होज काखेत ढिली पडली. नोझलमधून धार आखडली, थेंब थेंब झाली. समोर दबलेली आग उठली आणि छताला लागली. मी बटण दाबलं. "जयगड, पाणी! पाणी सोड! या अल्ला, पाणी!" असं ओरडत राहिलो. ओरडतच राहिलो.

नंतर कळलं ते असं. पंपाच्या खाडीतल्या तोंडात गोणपाट अडकलं होतं. जयगड सांगत होता, पाणी बंद, बाहेर या. गच्चीवरून कासीमभाईंना मागची बाजू दिसत होती. भिंतीपलीकडच्या रॉकेलच्या पिंपांना आग पोचली होती. तेही सांगत होते, दाभोळ, बाहेर, बाहेर. दोघंही सांगत होते. त्यांच्या सेटमध्ये येत होता फक्त माझा आवाज. माझ्या कानात काहीच येत नव्हतं, कारण माझा अंगठा बटणावर होता आणि तो मला उचलता येत नव्हता. वारा उठला होता आणि मी दोर धरला होता.

कासीमभाईंनी रिसीव्हर फेकला आणि जिन्यावरून धावत सुटले. ते गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा पहिलं पिंप फुटलं. मी दाराजवळ होतो, स्फोटाने मला उचलून बाहेर फेकलं. लतीफ आत राहिला. कासीमभाई आत गेले. मी वाळूत पडून बघत होतो, ते त्याला पायाला धरून ओढत बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही बाह्या जळत होत्या. लतीफचं काय झालं होतं ते मी लिहिणार नाही. त्याची बहीण हे वाचणार आहे. तो संध्याकाळपर्यंत होता एवढंच सांगतो.

मग कासीमभाई माझ्यावर आले. मी अजून बटण दाबून होतो. सेट फुटला होता, तार तुटली होती, तरी दाबून होतो. त्यांनी भाजलेल्या हातांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि तोच रिसीव्हर माझ्या तोंडावर मारला. दात तेव्हा गेला. मी पडलो तरी मारत राहिले, छातीत, बरगड्यांत, लाथांनी. चौघांनी धरून ओढलं नसतं तर त्या दिवशी धक्क्यावर दोन मय्यती निघाल्या असत्या. मला वाटतं, तेच बरं झालं असतं... कित्येक वर्षं मला असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी ते आमच्या खोलीवर आले. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. लतीफची वळकटी कोपऱ्यात तशीच होती. तिच्याकडे बघत म्हणाले, "सगळ्यांना मी सांगितलंय, मी गच्चीवर नव्हतो. चहाला खाली गेलो होतो, म्हणून हाक गेली नाय. जयगडवाल्यालाही गप केलाय." मी रडत म्हटलं, चूक माझी आहे. "तुजी मूठ उघडत नाय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले. "तरी सेट तुज्या पाठीवर मीच बांधला. तू बावीस वर्षांचा हायस, हे घेऊन जगायचा नायस. मी जगेन. खलास. तोंड उघडलंस तर दुसरा दात पाडीन."

लतीफचे दोन चुलतभाऊ धक्क्यावर हमाली करायचे. त्यांनी जुम्म्याच्या नमाजीनंतर कासीमभाईंना मशिदीच्या बाहेर गाठलं आणि सगळ्यांदेखत तुडवलं. भाजलेल्या हातांवर पाय दिले. ज्या माणसाचा हात सतत उगारलेला असायचा, त्याने हात वर केला नाही. तोंड झाकायलासुद्धा नाही. मी दहा पावलांवर उभा होतो. माझ्या तोंडातली जखम अजून ओली होती, तिचं रक्त गिळत मी उभा होतो.

त्यानंतर त्यांनी सेटला हात लावला नाही. रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान टाकलं, त्यात आयुष्य काढलं. मला मात्र लतीफच्या घरून दोन वर्षांनी सांगावा आला, हलीमासाठी. शेवटपर्यंत लतीफच्या पाठीशी उभा राहिलेला दोस्त म्हणून. मी हो म्हटलं. संसार चांगला झाला, मुलं चांगली निघाली, नातवंडं इंग्रजीतून भांडतात. थोरल्याच्या लग्नात कासीमभाई मिठाईचा डबा घेऊन दारात आले. हलीमा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, हा माणूस आत आला तर मी बाहेर जाते. ते हसले. डबा उंबऱ्यावर ठेवला आणि गेले. हलीमाने तो डबा कचऱ्यात टाकला आणि मी बघत राहिलो. नालायक माणूस, दुसरं काय म्हणायचं स्वतःला?

शेवटची भेट त्यांच्या खोलीवर, जायच्या आठ दिवस आधी. नाकात ऑक्सिजनची नळी. दोन्ही हातांची कातडी जळक्या कागदासारखी, तशीच होती. यासीनला सांगून कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढायला लावली. आत तो काळा रिसीव्हर, तोंडाकडून तडकलेला. माझ्या दाताची तडक. इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवला होता. मी तो हातात घेतला आणि बघतो तर माझा अंगठा बटणावर जाऊन बसलेला, घट्ट. कासीमभाई बघत होते. पलंगावरून त्यांनी हात लांब केला आणि माझा अंगठा वर उचलला. मी विचारलं, "सांगू तिला?" त्यांनी डोळे मिटले. मी तो होकार समजलो, रिसीव्हर घेऊन घरी आलो आणि आठ दिवस गप्प बसलो. नवव्या दिवशी फोन आला.

इथवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. छापायला द्यायच्या आधी ही पानं हलीमाच्या हातात देणं भाग होतं. काल सकाळी दिली आणि समोर बसून राहिलो. ती चष्मा लावून वाचत होती, एकेक ओळ बोट ठेवून. चहा गार झाला. वाचून झाल्यावर तिने पानं सारखी केली, घडी घातली. मला वाटलं ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. तिने एकच विचारलं.

"होज ढिली पडल्यावर लतीफने मागे वळून बघितलं होतं का?"

हे मी लिहिलं नव्हतं. हे मी कासीमभाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो."

"मग?"

"मी हाताने खूण केली. पाणी येतंय म्हणून."

ती उठली, कप उचलले आणि ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "उद्या त्यांना जाऊन चाळीस दिवस होतात, चाळिसावं आहे. मी जाणार. त्यांच्या घरच्यांची माफी मागायची आहे मला. तुम्ही येऊ नका."

आज सकाळी मुलगा तिला घेऊन देऱ्याला गेला. दारातून निघताना तिने 'येते' म्हटलं नाही. टेबलावर रिसीव्हर आहे. इतक्यात दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा अंगठा आधी बटणावरच गेला. तो काढला आणि रिसीव्हर कानाला लावून बसलो. आत काही नाही, तार केव्हाच तुटलेली आहे. जिन्यावर पावलं वाजली की ऐकतो. हलीमा अजून आलेली नाही.