साहेबांची केशराची खोली

निवृत्त झाला तरी सगळ्यांकडून ‘साहेब’ म्हणवून घ्यायची त्याची हौस फिटली नव्हती. नोकरीत असताना कंपनीच्या गोदामात हाताखाली दोन माणसं होती, तीही त्याचं ऐकत नसत. पण ऐट अशी, की जसा कारखानाच चालवलाय. अशा माणसानं घरात केशर पिकवायचं मनावर घेतलं आणि बायकोची शिवणाची खोली बळकावली. खिडकीला काळा कागद, भिंतीवर एसी, फळ्यांवर लसणाच्या गड्ड्यांएवढ्या कंदांचे ट्रे. तिचं मशीन पॅसेजमध्ये आलं, चपलांच्या कपाटाला खेटून. माप द्यायला आलेल्या बायका स्वयंपाकघरात दार लोटून अंग चोरून उभ्या राहत. हळूहळू निम्म्या यायच्याच बंद झाल्या.

“फुलं येईपर्यंत कळ काढ,” तो म्हणाला होता. “मग खोली तुझी.”

केशराच्या लागवडीचे व्हिडिओ तो मोठ्या आवाजात लावी आणि लगेच घोरू लागे. पॅसेजमध्ये काजं करता करता ऐकलं ते तिनंच.

त्या कंदाला फुलायला माती लागत नाही, पाणी लागत नाही; थंडावा मिळाला की झालं. म्हणून तर साहेबाच्या हातूनही फुलं आली. जांभळी, आत तीन लाल तंतू.

“अहो, उमललेलं फूल त्याच दिवशी खुडायचं असतं.”

“रविवारी ऑफिसची मंडळी येतायत, बघू देत त्यांना. तू आपली काजाबटणं सांभाळ.”

रविवारपर्यंत फुलांनी माना टाकल्या.

“साहेब, हे केशर की वाळत घातलेले पायमोजे?” एका पाहुण्यानं विचारलं.

“हिच्या मशीनची घरघर, दुसरं काय! नाजूक पीक, हादरे सोसत नाही.”

तिला रागसुद्धा आला नाही. एवढ्याशा माणसावर राग तरी किती खर्च करायचा? खोलीत जाऊन तिनं खिडकीचा कागद टराटरा फाडला.

“अगं, त्यांना अंधार लागतो!”

“तो फुलेपर्यंत. आता मातीत लावायचे, उजेडात. पाती फुटतात, खाली नवे कंद धरतात. व्हिडिओत हे सांगत होते तेव्हा तुम्ही घोरत होतात.”

मंडळी खो खो हसली. साहेबानं घसा खाकरला. “तेच सांगणार होतो मी. पुढचा टप्पा!” आणि बक्षीस मिळाल्यासारखा एक ट्रे छातीशी धरून तो गॅलरीकडे निघाला.

“सगळे न्या,” ती म्हणाली. मग त्या पायमोजेवाल्याकडे वळली. “भाऊजी, नुसते दात काय काढताय? मशीनचं ते टोक धरा.”