बाईंचा डावा कान

"स्वच्छ बोला. गुळण्या करत बोलू नका."

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक कारखाना होता. तिथे फोन लावला की पहिलं वाक्य हे कानावर पडायचं. नमस्कार नाही, कंपनीचं नाव नाही. पलीकडे गिऱ्हाईक असो, मालकांचे व्याही असोत की टेलिफोन खात्यातला साहेब असो, फोन घेणाऱ्या बाई सगळ्यांना एकाच मापाने मोजत. एकदा कोणीतरी चिडून म्हणाला, "अहो, मी नागपूरहून बोलतोय." बाई म्हणाल्या, "मग तर आणखीच स्वच्छ बोला. लांब आहात."

अशी माणसं पुण्यात तुम्हीही पाहिली असतील. दुकानात, बँकेत, पोस्टाच्या खिडकीमागे. त्यांचा तुसडेपणा आपण गावाची खासियत म्हणून कौतुकाने सांगतो. मीही सांगत असे. बाईंचे किस्से मी चार ठिकाणी तिखटमीठ लावून खपवले. त्या तुसडेपणामागे काय आहे ते कळल्यावरही खपवत राहिलो, हे आधीच सांगून टाकतो.

माझा धंदा फोनचा. छोट्या कंपन्यांत टेलिफोनचे बोर्ड बसवायचे आणि ते चालते ठेवायचे. महिन्यातून एकदा त्या कारखान्यात माझी फेरी असे. दारातून शिरलं की डाव्या हाताला काचेची खोली, आणि तिच्यात बाई. पन्नाशी ओलांडलेल्या, ताठ, इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. कोणी हाक मारली तर त्या नुसते डोळे वळवत नसत, अख्खी मान वळवून बघत. नवा माणूस त्या बघण्याने दोन पावलं मागे सरायचा.

कारखान्यात शंभरेक कामगार होते. त्यातले निम्मेअधिक वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडचे. भाड्याच्या खोलीत फोन कोणाकडेच नव्हता. त्यामुळे गावाकडचं बाळंतपण, आजारपण, सोयरीक, सगळं बाईंच्या कानावाटे कारखान्यात यायचं. साहेब लोकांचे फोन त्या बटण दाबून जोडून देत. कामगाराचा निरोप मात्र चिठ्ठीवर लिहून घेत आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः मशीन शॉपमध्ये जाऊन ज्याच्या त्याच्या हातात देत. शिपायाकडे का देत नाही, असं मी एकदा विचारलं. "चिठ्ठी हरवते," बाई म्हणाल्या. "मी हरवत नाही."

त्या चिठ्ठ्यांवरूनच मला शंका आली. जुन्या चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती बोर्डाच्या मागे पडलेल्या असत. त्यांवरचं अक्षर असं की लग्नपत्रिकेवर छापावं. नव्या चिठ्ठ्या मात्र शाळेतल्या पोराने गिरवल्यासारख्या. एक दिवस मी बघत बसलो. बाई चहा उजव्या हाताने ओतत होत्या, पदर उजव्या हाताने सारखा करत होत्या, आणि फोन आला की लिहीत होत्या डाव्या हाताने. रिसीव्हर उजव्या कानाला.

"बाई, डावा कान गेलाय का?" मी विचारलं. विचारलं तेही डाव्या बाजूने. त्यांना ऐकू गेलं नाही. मी समोर येऊन पुन्हा विचारलं.

त्यांनी आधी खोलीचं दार लावलं.

"सहा वर्षं झाली. सव्वीस वर्षं रिसीव्हर त्याच कानाला होता. उजव्या हाताने लिहायचं तर दुसरं काय करणार? तो गेला म्हणून कान बदलला. कान बदलला म्हणून हात बदलला. आता उजवाही कुरकुर करतोय."

"साहेबांना सांगितलंत?"

"बहिरी ऑपरेटर म्हणजे आंधळा राखणदार. तुम्ही ठेवाल? माझी चार वर्षं राहिलीत. तेवढी काढू द्या."

म्हणजे लोकांना ज्याचा राग यायचा ते 'स्वच्छ बोला' खरोखरची विनंती होती. मी त्यांच्या रिसीव्हरमध्ये एक छोटासा भाग बसवून दिला, त्याने आवाज दुप्पट झाला. पुढच्या फेरीला गेलो तर बाई म्हणाल्या, "हल्ली लोक तोंड धुऊन बोलायला लागलेत." आभार मानायची त्यांची हीच रीत. मला फार बरं वाटलं होतं. आपण एका माणसाचं गुपित आणि नोकरी दोन्ही सांभाळतोय, असं वाटून मी थोडा फुगलोही होतो.

मग धाकटे साहेब अमेरिकेहून शिकून आले. तो काळच तसा होता. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि हडपसरच्या पत्र्याच्या शेडलाही आपण तशाच आहोत असं वाटायला लागलं होतं. धाकट्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तिकडे फोन केला की मशीन बोलतं. सेल्ससाठी एक दाबा, अकाउंट्ससाठी दोन दाबा. कोणी जागेवर नसेल तर निरोप रेकॉर्ड होतो. आपल्याकडे फोन केला की एक बाई ओरडते. परदेशातला कस्टमर काय म्हणेल?"

मी ते यंत्र बसवलं. मीच. धाकट्या साहेबांच्या मेहुणीचा आवाज त्यात भरला. ती गोड इंग्रजीत सांगायची की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा होता म्हणून तर आम्ही तो डबीत बंद करून ठेवत होतो.

आता यातली गोम सांगतो. गावाकडच्या पुष्कळ फोनवरून आकडा दाबला, तरी आमच्या यंत्राला तो कळतच नसे. ते फोन जुन्या पद्धतीचे होते. आणि दाबणार तरी काय? टर्नरला, फिटरला एक्स्टेन्शन नव्हतं. आकडा न कळलेला प्रत्येक फोन दहा सेकंदांनी सगळ्यांच्या मिळून एका पेटीत जाऊन पडायचा. ही सोय मी धाकट्या साहेबांना नीट समजावून सांगितली होती आणि त्यांना ती आवडली होती. बाईंची काचेची खोली काढून तिथे सोफा ठेवला. बाईंना अकाउंट्समध्ये एका कोपऱ्यात टेबल दिलं. काम एकच, सकाळ-दुपार त्या पेटीतले निरोप ऐकायचे आणि लिहून काढायचे.

सुरुवातीला त्या पेटीत काय काय सापडायचं. निम्मे निरोप नुसते "हॅलो, हॅलो" असायचे. फुरसुंगीकडची एक आजी साहेबांच्या मेहुणीशी भांडली होती: "अगं बये, जरा दम खा की. मला बोलू देशील का न्हाई?" बाईंनी ते जसंच्या तसं लिहून धाकट्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. खाली लिहिलं, 'परदेशी नाही. स्थानिक.'

पण बाई थकत चालल्या होत्या. नव्या फोनमध्ये माझा तो छोटा भाग बसत नव्हता. रेकॉर्ड झालेला आवाज आधीच बारीक, त्यात लांबची लाईन. समोर माणूस असता तर बाईंनी त्याला दहा वेळा दटावलं असतं. रेकॉर्डला दटावून उपयोग नसतो, ते पुन्हा तेवढ्याच हळू आवाजात तेच बोलतं. स्पीकरचा फोन फक्त धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये होता. बाईंच्या भोवती अकाउंट्सची चार माणसं बसलेली, त्यांच्यापैकी कोणाला 'जरा ऐकता का' म्हणायचं, म्हणजे सहा वर्षांचं झाकलेलं उघडं करायचं.

"त्या डबीचा आवाज वाढवता येईल का?" त्यांनी मला विचारलं.

"येईल. वेगळा पार्ट मागवावा लागेल. पुढच्या फेरीला बघतो."

पुढच्या फेरीला मी म्हटलं, पुढच्या. मला हिंजवडीत मोठं काम मिळालं होतं आणि डोक्यात तेच होतं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे मान वळवून बघितलं. मी घाईत आहे असं दाखवून निघालो.

आणि मग वानखेडेचं झालं. वानखेडे हा टर्नर, पुसदकडचा, अबोल. सोमवारी सकाळी त्याच्या भावाने फोन केला. तो पेटीत पडला. पुन्हा फोन लागायला बुधवार उजाडला, तोही तालुक्याच्या बूथवरून कसलातरी आकडा दाबला म्हणून स्टोअरला लागला आणि तिथल्या माणसाने उचलला. वानखेडे तसाच मशीन बंद करून निघाला. गावी पोचला तेव्हा वडिलांना पोचवून लोक घरी परतले होते.

कामगार खवळले. यंत्र काढा, म्हणाले. धाकट्या साहेबांनी मला बोलावलं, बाईंना बोलावलं आणि सोमवारचा निरोप स्पीकरवर लावायला सांगितलं. मी लावला. केबिनभर आवाज घुमला: "हॅलो... टर्नर वानखेडेले सांगजा, बाबाले अटॅक आला. दवाखान्यात आणलं. त्याचीच वाट पाहून रायले. आजच्या आज निघ म्हनावं."

इतकं स्पष्ट. एकही शब्द सुटत नव्हता. आणि मी बाईंकडे बघत होतो. त्या तो निरोप त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होत्या. नाव आलं तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बाई, हे तुम्ही ऐकलं नव्हतं?" धाकट्या साहेबांनी विचारलं.

"ऐकलं होतं. अकरा वेळा."

"मग?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, यांनी दोनदा आवाज वाढवून मागितला होता, मी दिला नाही. दोन वाक्यं. पण मग मशीनची चूक ठरली असती, माझी चूक ठरली असती, आणि ही गोष्ट हिंजवडीपर्यंत पोचायला दोन दिवस लागले नसते.

"सिस्टीममध्ये दोष नाही," मी म्हणालो.

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. निरोप वेळेवर नोंदला गेला होता, आवाज सुस्पष्ट होता, ऑपरेटरने कार्यवाही केली नाही. खाली सही, शिक्का.

बाईंना कोणी काढलं नाही. त्यांनीच राजीनामा लिहिला, तिथेच बसून, उजव्या हाताने, जुन्या सुंदर अक्षरात. कान हा शब्द त्यात कुठे नव्हता. बाहेर पडताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

"खोटं काही लिहिलं नाहीत तुम्ही," म्हणाल्या.

ती शिवी होती हे मला कळलं होतं. तरी तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं, हे कबूल करतो.

महिन्याने मी फेरीला गेलो तेव्हा वानखेडे परत आला होता. डोक्यावर केसांचे खुंट उगवलेले. मशीन पुसता पुसता त्याने विचारलं, "टेलिफोनबाई कुठी हायेत?"

"सोडून गेल्या. तुझ्याच त्या निरोपावरून."

त्याने हातातला कापूस खाली ठेवला. "काहून? त्यायनं तं मले इचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"सोमवारी दुपारी जेवनाच्या सुट्टीत आल्या होत्या ना. एकेका विदर्भाच्या पोराजवळ गेल्या. तुझे वडील बरे आहेत का रे, म्हने. दोघातिघांचे आजारी होते, त्यायले तर लगेच फोन कराले धाडलं. मले दोनदा इचारलं. मी म्हटलं, ठणठणीत हायेत. आता सकाळीच अटॅक आला, मले काय ठाव? मीच हो म्हटलं, साहेब. त्यायची काय चूक?"

म्हणजे अकरा वेळा ऐकून बाईंना 'बाबाले' एवढंच कळलं होतं, त्या 'ले'वरून माणूस विदर्भातला हे कळलं होतं, आणि तेवढ्यावर त्या शॉपभर हिंडल्या होत्या. अकाउंट्समधल्या एका पोराला रिसीव्हर दिला असता तर एका मिनिटात नाव कळलं असतं. ते त्यांच्याच्याने झालं नाही. बाईंची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. एका माणसाची बापाशी शेवटची भेट हुकली, आणि बाईंना चार वर्षं काढायची होती. पण त्यांनी जेवढं जमेल तेवढं तरी केलं. मी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

दोन-तीन महिने मी ते टाळलं. मग एका रविवारी वारज्याला त्यांच्या घरी गेलो. नवी सोसायटी, तिसरा मजला. बाई एकट्याच होत्या. अंगाने खूप उतरल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाल्या, चहा टाकला. वानखेडेचं बोलणं मी समोर उभा राहून, मोठ्याने त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "चांगला मुलगा आहे," एवढंच म्हणाल्या.

मग त्या चहा घेऊन सोफ्यावर बसल्या. दोन्ही बाजूंना जागा होती. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो.

समोर भिंत होती, तिच्याकडे बघत मी सगळं बोललो. की तुम्ही आवाज वाढवून मागितला होता. की तो पार्ट बाजारात मिळत होता, मी आणायलाच गेलो नाही. की केबिनमध्ये मी घाबरलो. की माझं चुकलं, मला माफ करा. हळू आवाजात, पण एकही शब्द न गाळता. बोलताना मला रडू आलं, आणि तरीही मी आवाज चढवला नाही.

बोलणं संपलं तेव्हा बाईंनी अख्खी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हणालो. "चहा छान झालाय."

बाईंनी माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं. तो भरलेलाच होता.

"प्या मग," त्या म्हणाल्या.