खडखड थांबली आणि नाना मागे राहिले

आमच्या डिझेल जीपचं आज ठरणार होतं. रोज सकाळी सुरू करताना तिचं इंजिन थोडा वेळ खडखडायचं. "इंजिन गेलं, विकून टाकू," हे आमच्या यांचं मत. माझं मत वेगळं: रात्रभरात फिल्टरमधलं ऑइल खाली उतरतं आणि सकाळी इंजिन कोरडं पडतं.

म्हणून काल जळगावात स्पेअर पार्टच्या दुकानात गेले.

"अक्का, सगळे फिल्टर सारखेच," शेठ म्हणाले.

मी एकेका फिल्टरच्या मधल्या भोकात फुंकर मारली. ऑइल खाली उतरू न देणारी आतली रबरी झडप नीट बसत असेल, तर कडेच्या भोकांतून हवा बाहेर येत नाही.

"अक्का, बासरी नाही ती."

"माहीत आहे. दुसरा दाखवा."

शेवटी एकात हवा अडली. तोच बसवून घेतला.

आज सकाळी किल्ली फिरवली. खडखड नाही. हे अंगणात कान देऊन उभे होते, ते आत गेले. मी खुशीत पहूरच्या शेताकडे निघाले.

वाटेत फोन वाजला. गाडी बाजूला घेतली. शेजारचे नाना होते. ते रोज माझ्याबरोबर शेतावर येतात, आणि खडखड ऐकू आली की मगच चप्पल घालतात.

"अक्का, गाडी इकी टाकी का?"

"नाही, आणि विकणारही नाही. उद्यापासून वेळेवर फाटकाशी उभे राहा."

मग गाडी वळवून त्यांना आणायला गेले.

तुमचीही डिझेल गाडी सकाळी खडखडते का? विकण्याआधी फिल्टर बघा. आणि बदललात तर शेजाऱ्यांना आधी सांगा.