उपडा ड्रम

सिस्टरबाई सकाळी उठल्या की आधी अंगणातल्या पाण्याच्या लोखंडी ड्रमवर बोटाचं पेर वाजवायच्या. आवाजावरून पाणी कुठवर आलंय ते त्यांना कळे. मग कुणी विचारो न विचारो, म्हणायच्या, "हाय आजून."

आमचं लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं. पाट्या नव्या लागल्या, साहेब नवे आले, नळ मात्र कोरडे ठणठणीत. माझी निम्मी नोकरी टँकरची वाट बघण्यात गेली म्हणा ना! बाई आमच्या शेजारीण. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या.

त्यांचा मुलगा बापाशी भांडून हैदराबादला गेला, तो बापाच्या मातीलाही आला नाही. त्या वर्षी त्याचा निरोप आला, नाताळला बायकोला घेऊन येतो. बाईंनी ठरवलं, टर्कीच करायची. नवरा होता तेव्हा दर नाताळला व्हायची, बेकरीच्या भट्टीत अख्खी भाजून. परसात पाळलेला तो पक्षी म्हणजे कोंबडा कसला, धटिंगण! मीसुद्धा त्याला भ्यायचो.

नेमकी बेकरी पाण्यावाचून बंद पडली. गल्लीतल्या कुठल्याच पातेल्यात टर्की मावेना. मी म्हणालो, तुकडे करा की.

"तुकड्याचं रोजचं कालवण व्हतंय," बाई म्हणाल्या. "पोरगं घरी यायलंय."

नाताळच्या सकाळी त्यांनी काय केलं, ठाऊक आहे? ड्रममधलं पाणी घागरी-घागरीनं गल्लीत वाटून टाकलं. टँकरचा पत्ता नव्हता! माझी बायको कळवळली, उद्या प्यायचं काय? बघू की, म्हणाल्या. लसूण आणि काळं तिखट चोळलेली टर्की सळईवर उभी केली, वरून ड्रम उपडा घातला आणि त्याच्याभोवती, डोक्यावर बाभळीचे निखारे रचले.

आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. तरी दुपारभर मी कुंपणाशी खिळून होतो. ड्रम उचलून बघायची सोय नव्हती, उचलला की ऊब गेली. बाई नुसत्या वासावर माग काढत बसल्या होत्या. जळली असती तर मुलापुढं ठेवायला घरात दुसरं काही नव्हतं, प्यायला पाणीही नव्हतं. काय छाती म्हणावी! तशी मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

मुलगा बायकोला घेऊन आला, तो फाटकातच अवघडून उभा राहिला. बाईंनी फडक्यानं धरून ड्रम उचलला. टर्की तांबूस, अख्खी, देवाशपथ देखणी झाली होती.

अंगणातच पानं मांडली. त्या घरात पहिली तंगडी बापाची असायची. बाईंनी ती मुलाला वाढली. त्यानं डोळे पुसत पुसत ती सगळी खाल्ली. आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "आई, आजून हाय का?"

"हाय आजून," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापताना मी तेव्हाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या घागरी भरून त्यांच्या दारात आल्या. उन्हाळ्याआधी मुलानं हट्टानं त्यांना हैदराबादला नेलं. तिकडंच त्या गेल्या, लेकाच्या घरी.

ड्रम आमच्याकडं ठेवून गेल्या होत्या. बायकोनं कितीदा घासला, बुडाचं काळं काही जात नाही. आता तो रिकामाच असतो. तरी सकाळी जाता-येता माझं बोट त्याच्यावर वाजतं आणि तोंडातून निघून जातं, हाय आजून.