फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मलाही हसू येत नाही. माझ्या अकलेचं दिवाळं निघालं ते राजाजीनगरच्या एका स्विमिंग पूलमध्ये, छातीएवढ्या पाण्यात.

लेक वेदा नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. म्हणाली, "अण्णा, जायच्या आधी एकदा दोघं समुद्राखाली जाऊ या. तुम्ही माझे जोडीदार." स्कूबाला एकट्याने उतरत नाहीत म्हणे, एकमेकांवर लक्ष ठेवायचं असतं. ती चंद्रावर चला म्हणाली असती तरी मी चप्पल घातली असती.

आधी पूलमध्ये सराव. शिकवणाऱ्या चेंगप्पाने फॉर्म दिला. मधुमेह आहे का? आहे की, बारा वर्षं झाली. पण 'हो' लिहिलं आणि घरी पाठवलं तर? मी ठोकून दिलं, 'नाही'. वेदाला सांगितलं, डॉक्टर 'सरी' म्हणालेत, कानडीतलं 'चालेल'. डॉक्टरांचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग मनाला टोचणी लागली, तेव्हा देवाला मध्ये घातलं. सरावाच्या दिवशी नेमकी संकष्टी. एरवी मी संकष्टीला साबुदाण्याची खिचडी दाबून खातो. त्या दिवशी सकाळपासून पोटात कण नाही. शुगरची गोळी मात्र नेमाने घेतली. उपासाला औषध चालतं ना?

दुपारी पाण्यात उतरलो आणि हात थरथरायला लागले. घामही फुटला असेल, पण पाण्यात घाम कुणाला दिसतो?

"अंकल, भीती वाटते?"

"छे, स्वल्प थंडी."

पुढचं मला आठवत नाही. वेदा सांगते, मी तोंडातली हवेची नळी काढली आणि चेंगप्पाला म्हणालो, प्रसाद घ्या.

त्याने ओढून काठावर आणलं, साखरेचं पाणी पाजलं. वेदाला विचारलं, "यांना शुगर आहे?"

"आहे ना. फॉर्मवर लिहिलंय, डॉक्टरांनीही परवानगी दिलीय."

तो उठला आणि फॉर्म घेऊन आला. वेदाने वाचला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चेंगप्पा म्हणाला, "शुगरवाले उतरतात, अंकल. डॉक्टरांचं पत्र लागतं, पोटात अन्न लागतं. उतरायच्या आधी दोन-तीनदा शुगर तपासायची, जोडीदाराला सगळं ठाऊक हवं. तुम्हालाही नेलं असतं."

"मग पत्र आणतो," मी म्हणालो.

"पत्र आणाल," वेदा म्हणाली. "पण खाली तुम्हाला असं झालं असतं, तर मी कशावर विश्वास ठेवला असता, अण्णा?"

ती चेंगप्पाबरोबर समुद्रात गेली. मी किनाऱ्यावर तिचा टॉवेल धरून बसलो.

आता दुपारी जर्मनीहून तिचा व्हिडिओ कॉल येतो.

"शुगर किती?"

"एकशे तीस."

"मीटर दाखवा. जेवलात?"

"जेवलो."

"ताट दाखवा."

म्हणून हल्ली तिचा फोन येईपर्यंत मी खरकटं ताट घासत नाही.